प्राध्यापक ते जनरल: चेंबरलेनचे हुद्दे कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. महाविद्यालयाच्या अंकासाठी तुम्ही अमेरिकन यादवी युद्धावर (१८६१-६५, उत्तरेचं केंद्र सरकार विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) लेख लिहिताय. त्यात उत्तरेकडून लढलेला, जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन नावाचा, भाषा शिकवणारा एक प्राध्यापक आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये तो थेट लेफ्टनंट कर्नल होतो, वर्षाच्या आत कर्नल, दोन वर्षांच्या आत ब्रिगेडियर जनरल आणि युद्ध संपताना मेजर जनरल. लष्करी शिक्षण काहीच नाही. हा वशिला होता का, आणि लेखात त्याच्या नावामागे नेमका कोणता हुद्दा लावायचा, असं तुम्ही विचारलंय. घरात सैन्यातलं कोणी नाही, त्यामुळे शब्दांतच अडकायला होतं, असंही लिहिलंय.

मी पायदळात होतो. पलटणीची कमान सांभाळली, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तरुण अधिकाऱ्यांना जुन्या लढाया शिकवल्या. मुलगी अमेरिकेत असते, म्हणून चेंबरलेन जिथे लढला ती गेटिसबर्गची टेकडी तीनदा पायी फिरून पाहता आली. तुमचा प्रश्न मला वर्गातही दरवर्षी कोणीतरी विचारायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ काढून टाकू. आपल्याकडे रेजिमेंट म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीसारखं, अनेक पलटणींचं मोठं कुटुंब डोळ्यांसमोर येतं. त्या काळच्या अमेरिकेत पायदळाची स्वयंसेवक रेजिमेंट म्हणजे साधारणपणे एकच पलटण: दहा कंपन्या, भरली असेल तेव्हा हजारभर माणसं, वर एक कर्नल, त्याखाली लेफ्टनंट कर्नल आणि मेजर. म्हणजे चेंबरलेन ज्या २०व्या मेन रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट कर्नल झाला, तिथे तो पलटणीतला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. मेन हे राज्याचं नाव, हे लेखात एकदा सांगून टाका, नाहीतर वाचक इंग्रजी शब्द समजून गोंधळतील.

आता मूळ मुद्दा. युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेचं नियमित सैन्य जेमतेम सोळा हजारांचं होतं. युद्ध संपेपर्यंत एकट्या उत्तरेकडून वीस लाखांहून जास्त माणसं लढून गेली. एवढ्या फौजेला लागणारे कर्नल, मेजर, कॅप्टन आणायचे कुठून? वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून शिकून निघालेले अधिकारी हजारांच्या हिशेबात पुरणारे नव्हतेच. म्हणून पलटणी उभ्या करायचं काम राज्यांकडे गेलं, आणि कर्नलपर्यंतच्या नेमणुका राज्याचा गव्हर्नर करू लागला. ब्रिगेडियर जनरल आणि त्यावरचे हुद्दे मात्र राष्ट्राध्यक्षांनी द्यायचे आणि सिनेटनं मंजूर करायचे. ही रेघ लक्षात ठेवा. चेंबरलेनची पहिली दोन पदं गव्हर्नरच्या सहीची आहेत, पुढची वॉशिंग्टनची.

मग वशिला होता का? गव्हर्नरच्या हातात नेमणुका आल्या की राजकारण येणारच, आणि ते भरपूर आलं. कोण किती माणसं भरती करून आणतो, कोणाचा आपल्या गावात किती शब्द चालतो, हे पाहून पदं वाटली गेली. सुरुवातीला कित्येक पलटणींत जवानांनी मतदान करून आपले कॅप्टन निवडले. पुढे १८६१ च्या उन्हाळ्यातल्या कायद्यानं स्वयंसेवक अधिकाऱ्यांची परीक्षा घेणारी मंडळं आली आणि बरेच कच्चे लोक गळाले. त्यामुळे 'स्वयंसेवक अधिकारी' या एका शब्दावरून माणूस कसा होता ते ठरवता येत नाही. कोणत्या राज्याचा, कोणत्या साली आला, वरिष्ठ कोण मिळाला, यावर सगळं अवलंबून आहे.

चेंबरलेनच्या बाबतीत कागद काय सांगतात ते पाहू. जुलै १८६२ मध्ये लिंकननं आणखी तीन लाख माणसं मागितली. चेंबरलेन तेव्हा ३३ वर्षांचा, मेनमधल्या बोडन कॉलेजात आधुनिक भाषांचा प्राध्यापक, बायको आणि दोन मुलं असलेला माणूस. युरोपात जाऊन अभ्यास करायला कॉलेजनं त्याला दोन वर्षांची रजा दिली होती. त्यानं गव्हर्नर इस्रायल वॉशबर्नना पत्र लिहून सेवा देऊ केली. सहकाऱ्यांना हे पसंत नव्हतं, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलनं तर हा माणूस काही कामाचा नाही असं गव्हर्नरला कळवलं. वशिल्याच्या माणसाची फाइल सहसा अशी नसते. गव्हर्नरनं त्याला थेट कर्नलपद देऊ केलं होतं, आणि ते त्यानं नाकारलं. जरा खालून सुरुवात करून आधी हे काम शिकून घेतो, असं त्याचं म्हणणं होतं. ८ ऑगस्ट १८६२ ला लेफ्टनंट कर्नलपदाची नेमणूक निघाली.

माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. लोक त्याच्या गेटिसबर्गच्या संगिनी हल्ल्यापाशी थांबतात, मी या नकारापाशी थांबतो, कारण त्यामुळे त्याला पलटणीचा कर्नल ॲडेलबर्ट एम्स याच्या हाताखाली नऊ महिने मिळाले. एम्स वेस्ट पॉइंटचा, १८६१ चा पदवीधर. बुल रनच्या पहिल्या लढाईत मांडीत गोळी लागूनही तोफा सोडून न हटलेला. वय २६. म्हणजे प्राध्यापकाचा गुरू त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान! पलटण उभी राहिली ती शेतकरी, लाकूडतोडे, खलाशी यांची. त्यांची पहिली कवायत पाहून एम्स हबकला आणि त्यानं त्यांना असं पिळून काढलं की जवान त्याचा उघड तिरस्कार करत. चेंबरलेन दिवसा ती कवायत घ्यायचा आणि रात्री एम्सकडून दुसऱ्या दिवशीचा धडा शिकायचा. सापडेल तो लष्करी ग्रंथ मी वाचतोय, असं त्यानं बायकोला कळवलं होतं.

हे मला पटतं, कारण याचा एक नमुना मी जवळून पाहिलाय. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडे इमर्जन्सी कमिशन देऊन हजारो तरुण घेतले गेले, काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन थेट पलटणीत. माझे पहिले कंपनी कमांडर त्यातलेच, आधीचे शाळामास्तर. ते सांगायचे, 'अकादमीत मी सलाम करायला शिकलो, सैनिक मला सुभेदारसाहेबांनी केलं.' शिकलेल्या माणसाला सैन्यात एक फायदा असतो: त्याला शिकायची सवय असते. मात्र आपल्याला काही येत नाही हे त्याला कबूल करता आलं पाहिजे. चेंबरलेननं ते कर्नलपद नाकारूनच कबूल केलं होतं.

आता बढतीचं गणित. २०व्या मेनमध्ये ऑगस्ट १८६२ मध्ये ९७९ जण होते. दहा महिन्यांनी गेटिसबर्गला उरले २८ अधिकारी आणि ३५८ जवान, तेही मधे १२० माणसं नव्यानं येऊन मिळाल्यावर. बाकीचे गेले कुठे? काही मेले, बाकीचे मुख्यतः ताप, हगवण, देवी यांनी आजारी पडून कामातून गेले. संपूर्ण युद्धात या पलटणीचे १४७ लढाईत मेले आणि १४६ रोगानं. जवळजवळ निम्मे निम्मे. त्यातच बहुतेक गव्हर्नर जुन्या पलटणी भरण्यापेक्षा नव्या उभ्या करायचे, कारण नवी पलटण म्हणजे वाटायला नवी पदं. विस्कॉन्सिन राज्यानं नवी माणसं जुन्या पलटणींत घातली, म्हणून तिथल्या पलटणींचं वरिष्ठ सेनापतींनी कौतुक केलं. पण तो अपवाद. अशा फौजेत जो जिवंत, धडधाकट आणि कामाचा उरतो, तो वर जातो. म्हणून स्वयंसेवक अधिकाऱ्याची बढती पाहिली की आधी एकच गोष्ट तपासायची: जागा कशामुळे रिकामी झाली?

चेंबरलेनची कारकीर्द या दृष्टीनं वाचा. अँटिटमच्या लढाईत पलटण राखीव होती. २० सप्टेंबर १८६२ ला शेपर्ड्सटाउनच्या उतारावर नदी ओलांडताना पहिल्यांदा गोळीबार सोसला, त्याचा घोडा ठार झाला. १३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्ग. मेरीज हाइट्सच्या दगडी भिंतीसमोर एकामागून एक ब्रिगेडी (काही पलटणी मिळून एक ब्रिगेड) कापल्या गेल्या, आणि २०वी मेन त्या उतारावर थंडीत प्रेतांचा आडोसा करून पडून राहिली. तिथे तो दुय्यम होता, निर्णय त्याचे नव्हते, पण शिक्षण झालं. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईच्या वेळी सदोष लसीमुळे पलटणीत देवी पसरली आणि सगळ्यांना बाजूला ठेवलं गेलं. त्याच सुमारास एम्सला ब्रिगेड मिळाली, जागा रिकामी झाली, आणि नेमणुकीवर २० मे ही तारीख पडून चेंबरलेन कर्नल झाला. यात चमत्कार काही नाही. वरचा अधिकारी वर गेला आणि खालच्याला त्याच्या जागेसाठी तयार करून गेला.

त्याच महिन्याच्या अखेरीला जे झालं ते तुमच्या लेखात असायलाच हवं. २ऱ्या मेन रेजिमेंटची दोन वर्षांची मुदत संपली आणि ती घरी गेली. पण तिच्यातल्या १२० जणांनी, बऱ्याच जणांनी नीट न समजता, तीन वर्षांच्या कागदांवर सही केली होती. ते लढायला नकार देऊन बसले. संगिनींच्या पहाऱ्यात, उपाशी अवस्थेत त्यांना चेंबरलेनकडे आणलं गेलं. गरज पडली तर गोळ्या घाला, अशी त्याला मुभा होती. त्यानं आधी पहारा हटवला, त्यांना जेवू घातलं, तक्रार ऐकून गव्हर्नरला पत्र लिहिलं, आणि माणसं एका जागी न ठेवता वेगवेगळ्या कंपन्यांत वाटून टाकली. मोजके सोडून सगळे उभे राहिले. मोडलेल्या तुकडीतली नाराज माणसं मीही एकदा ताब्यात घेतलीयत. ती तीसेक होती, १२० नव्हे, आणि कोणी गोळ्यांची भाषा करत नव्हतं, तरी पहिल्या रात्री मला झोप आली नव्हती. अशा वेळी पहिलं जेवण आणि पहिलं वाक्य चुकलं तर पुढे काहीच जमत नाही. या १२० जणांतलाच अँड्र्यू टोझर महिनाभरानं गेटिसबर्गला पलटणीचा झेंडा धरून उभा होता, आणि त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

गेटिसबर्ग, २ जुलै १८६३. लढाईचं वर्णन तुम्हाला सगळीकडे मिळेल, म्हणून मी फक्त अधिकाऱ्यांकडे बोट दाखवतो. लिटल राउंड टॉप टेकडी रिकामी पडली, कारण उत्तरेच्याच डॅनियल सिकल्सनं आपली कोअर (अनेक ब्रिगेडींचा मोठा विभाग) परवानगीशिवाय पुढे नेली. सिकल्स न्यूयॉर्कचा राजकारणी, स्वयंसेवक मेजर जनरल. टेकडी रिकामी आहे हे हेरलं गव्हर्नर वॉरननं (गव्हर्नर हे त्याचं पहिलं नाव, पद नव्हे), तो वेस्ट पॉइंटचा इंजिनिअर. आणि वरच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर ब्रिगेड तिथे नेली स्ट्राँग व्हिन्सेंटनं. तो २६ वर्षांचा वकील, हुद्द्यानं कर्नल. म्हणजे एकाच दुपारी एका स्वयंसेवकानं घोळ घातला आणि दुसऱ्यानं तो निस्तरला. 'स्वयंसेवक विरुद्ध पेशेवर' अशी विभागणी करून लिहू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

व्हिन्सेंटनं २०व्या मेनला सगळ्या फौजेच्या अगदी डाव्या टोकाला ठेवलं. समोरून आला दक्षिणेचा विल्यम ओट्स आपली १५वी अलाबामा पलटण घेऊन. तोही वकील, तोही स्वयंसेवक. त्याची माणसं त्या दिवशी वीस मैलांहून जास्त चालून आली होती, शेजारची उंच टेकडी चढून उतरली होती, आणि पाणी आणायला गेलेले २२ जण पकडले गेल्यामुळे तहानेनं कासावीस होती. मे-जूनमध्ये त्या उतारावर चढून पाहिलं तर त्या तहानेचं वजन कळतं.

चेंबरलेननं दोन गोष्टी केल्या. शत्रू डावीकडून वळसा घालतोय हे दिसताच त्यानं गोळीबार न थांबवता रांग पातळ करून लांबवली आणि डावी बाजू काटकोनात मागे वळवली. ही चाल लिहायला सोपी आहे. दाट धुरात, झाडीत, माणसं पडत असताना ती घडवायची तर एम्सची नऊ महिन्यांची कवायत अंगात मुरलेली असावी लागते. आणि प्रत्येकी ६० काडतुसं संपत आली, पलटणीचा तिसरा हिस्सा पडला, तेव्हा संगिनी लावून ते उतारावरून धावून गेले. वळवलेली डावी बाजू आधी सुटली आणि दार बिजागरीवर फिरावं तशी सगळी रांग उजवीकडे फिरत खाली गेली. त्याच वेळी कॅप्टन वॉल्टर मॉरिलची बाजूला पाठवलेली कंपनी दगडी कुंपणामागून उठली आणि तिनं ओट्सच्या पाठीवर गोळ्या झाडल्या.

हल्ल्याचा हुकूम नेमका कोणी, कोणत्या शब्दांत दिला यावर पुढे वाद झाला. लेफ्टनंट होल्मन मेल्चर पुढच्या जखमींना आणायची परवानगी मागत होता. डाव्या बाजूचा कॅप्टन एलिस स्पिअर पुढे सांगत असे की आपल्यापर्यंत असा काही हुकूम आलाच नव्हता, रांग निघाली म्हणून आम्ही निघालो. तीनशे माणसांच्या गोळीबारात आवाज शंभर पावलांवर पोचत नाही, तेव्हा मला दोघांचंही खरं वाटतं. एकट्या चेंबरलेनला सगळं श्रेय देणारी वाक्यं लेखातून काढा. त्यानं त्याचं काही बिघडत नाही.

आता हुद्द्यांकडे परत. व्हिन्सेंटला त्याच दिवशी प्राणघातक गोळी लागली. त्याला ३ जुलैची तारीख घालून ब्रिगेडियर जनरल केलं गेलं आणि ७ जुलैला तो गेला. मरणाऱ्या अधिकाऱ्याला बढती देऊन निरोप द्यायची ही रीत होती, आणि चेंबरलेनच्या तिसऱ्या हुद्द्याचं कोडं तिथेच सुटतं. जून १८६४ मध्ये तो कर्नल असतानाच पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींची ब्रिगेड सांभाळत होता. स्वयंसेवक फौजेत कर्नलनं ब्रिगेड सांभाळणं रोजचंच होतं, व्हिन्सेंटही तेच करत होता. १८ जूनला पीटर्सबर्गसमोर हल्ला नेताना एक गोळी त्याच्या दोन्ही खुब्यांतून गेली. माणसं पुढे जाईपर्यंत तो तलवार जमिनीत रोवून तिच्या आधारानं उभा राहिला. डॉक्टरांनी आशा सोडली, वर्तमानपत्रांत निधनाची बातमी छापून आली, आणि उत्तरेचा सरसेनापती ग्रँट यानं, राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीवर, त्याला जागेवर ब्रिगेडियर जनरल केलं. तो मरेल असं धरून ही बढती दिली होती. तो जगला, आणि नोव्हेंबरमध्ये परत कामावर आला. ब्रिगेडचं काम तो आधीच करत होता, त्यामुळे हुद्दा फुकटचा होता असंही म्हणता येत नाही.

मेजर जनरल हा मात्र 'ब्रेव्हेट' होता. ब्रेव्हेट म्हणजे मानाचा हुद्दा. कामगिरीची पावती म्हणून मिळायचा, नावामागे लावता यायचा, पण सहसा त्यानं पगार वाढत नसे, हाताखालची फौजही वाढत नसे. २९ मार्च १८६५ ला क्वेकर रोडच्या लढाईत तो पुन्हा जखमी झाला, त्याबद्दल हा मिळाला. १२ एप्रिलला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या पायदळानं शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा समोरच्या रांगेच्या अग्रभागी तो होता. त्यानं हरलेल्यांना शस्त्रसलामी दिली आणि दक्षिणेच्या जनरल गॉर्डननं ती परत केली. त्या दिवशी तो पूर्ण हुद्द्यानं ब्रिगेडियर जनरल, मानानं मेजर जनरल.

अजून एक गुंता आहे. हे सगळे हुद्दे स्वयंसेवक सैन्यातले. नियमित सैन्यातला अधिकारी स्वयंसेवकांत वरचं पद घ्यायचा तेव्हा त्याचा मूळ हुद्दा वेगळा चालूच राहायचा. एम्स स्वयंसेवकांचा कर्नल होता तेव्हा नियमित सैन्यात लेफ्टनंटच होता. घोडदळाचा सेनापती कस्टर स्वयंसेवकांचा मेजर जनरल, आणि युद्ध संपल्यावर परत कॅप्टन. चेंबरलेनला असा मूळ हुद्दा नव्हताच. १८६६ च्या जानेवारीत तो सेवेतून मोकळा झाला आणि नागरिक झाला.

म्हणून तुमच्या लेखापुरतं: फ्रेडरिक्सबर्गला 'लेफ्टनंट कर्नल', गेटिसबर्गला 'कर्नल', पीटर्सबर्गच्या हल्ल्यात 'कर्नल, ब्रिगेडची कमान', त्यानंतर 'ब्रिगेडियर जनरल', आणि ॲपोमॅटॉक्सला हवं तर 'ब्रेव्हेट मेजर जनरल'. गेटिसबर्गच्या चित्राखाली 'मेजर जनरल' छापलेलं दिसलं तर ते उशिराचं लेबल समजा. दर वेळी हुद्दा, तो कोणत्या सैन्यातला, कागदावरची तारीख आणि त्या दिवशी प्रत्यक्ष हाताखाली काय होतं, एवढं पाहिलं की चूक होत नाही.

अंक मराठी वाचकांचा आहे, तर एक धागा जरूर घ्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. त्या लोकांत मेनचे हे शेतकरी आणि लाकूडतोडेही आले.

आणि नकाशा काढणार असाल तर एक काळजी घ्या. ओट्सचा धाकटा भाऊ जॉन त्या उतारावर प्राणघातक जखमी झाला. ओट्स स्वतः पुढच्या वर्षी पीटर्सबर्गच्या मोहिमेत उजवा हात गमावून बसला आणि नंतर अलाबामाचा गव्हर्नर झाला, तसा चेंबरलेन मेनचा झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दोघंही म्हातारे झाले असताना, ओट्सनं त्या टेकडीवर आपल्या पलटणीचं स्मारक मागितलं. त्याची माणसं नेमकी कुठपर्यंत पोचली होती, यावर चेंबरलेननं आक्षेप घेतला आणि ते स्मारक उभं राहिलं नाही. आज तिथे २०व्या मेनचं स्मारक आहे आणि तिच्या डाव्या टोकाची खूण सांगणारा छोटा दगडही आहे. १५व्या अलाबामाची सर्वांत पुढची रेघ तुम्ही तुटक काढा, आणि दोघांचं म्हणणं खाली शेजारी शेजारी लिहा.